व्हेंट्रालिस अँथियस घरच्या टँकमध्ये: थंड पाणी, मंद उजेड आणि दिवसातून आठ वेळा खाणं

व्हेंट्रालिस अँथियस आजारानं गेला असं कोणी सांगितलं, की मी आधी एकच विचारतो: तो खात किती होता? हा समुद्री मासा जेमतेम सात सेंटिमीटरचा. गुलाबी-जांभळं अंग, त्यावर पिवळ्या रंगाची झाक, पोटाखाली लांब पर. एवढ्याशा अंगात अन्न साठवायला जागा नसते. दोन दिवस उपास घडला तरी त्याची पाठ बारीक दिसू लागते. आठवडाभर घडला, तर पुढे कितीही चांगलं खाणं ठेवा, बहुतेक वेळा तो सावरत नाही.

माझा पहिला मासा असाच गेला. टँक स्वच्छ होता, पाण्याच्या चाचण्या बरोबर येत होत्या, सकाळ-संध्याकाळ मी न चुकता खायला घालत होतो. बाकीच्या माशांना ते पुरत होतं, याला पुरलं नाही. अठराव्या दिवशी तो खडकामागे मेलेला सापडला. तेव्हापासून मी तयारीचा क्रम उलटा केला. दिवसभर थोडं थोडं खाऊ घालण्याची सोय आधी उभी करतो, तेवढी घाण पेलणारं पाणी मग तयार करतो, आणि मासा सगळ्यात शेवटी आणतो. खालची सगळी माहिती याच क्रमावर उभी आहे.

मासा राहतो तरी कुठे

जॉन रँडल या मत्स्यशास्त्रज्ञानं १९७९ साली या जातीचं शास्त्रीय वर्णन केलं. कोरल समुद्र आणि ग्रेट बॅरियर रीफपासून पूर्वेला पिटकेर्न बेटापर्यंत पॅसिफिकमध्ये हा मासा आढळतो. हवाईतला त्याचा जवळचा भाऊबंद आता वेगळी जात मानला जातो. खोली साधारण २६ ते १२० मीटर, आणि ४० मीटरच्या खाली तो जास्त दिसतो.

तिथलं चित्र डोळ्यांसमोर आणा. लाल रंग वरच्या काही मीटरमध्येच संपलेला असतो, उरतो तो फक्त निळसर संधिप्रकाश. पाणी वरच्यापेक्षा थंड. रीफची उभी भिंत, तिच्यात कपारी आणि पुढे आलेली छतं, आणि समोरून वाहत येणारा प्रवाह, त्यात तरंगणारे बारीक जीव. दुसरे अँथियस थव्यानं भिंतीपासून दूर मोकळ्या पाण्यात जातात. व्हेंट्रालिस तसा नाही. तो खडकाला धरून राहतो. कपारीच्या तोंडाशी थांबतो, समोरून आलेला घास टिपतो आणि परत सावलीत शिरतो. टँकमध्ये आपल्याला हेच जमवायचं असतं: सावली, थंडावा, आणि त्याच्या दारापर्यंत वाहत येणारं अन्न.

खोलीवरून वर येताना काय होतं

हे समजल्याशिवाय मासा निवडता येत नाही, म्हणून इथे थोडं थांबतो. पाण्यात दर दहा मीटरला एक वातावरण दाब वाढतो. म्हणजे ५० मीटरवर सहा वातावरणांचा दाब असतो. माशाच्या पोटात वाताशय नावाची हवेची पिशवी असते. मासा सरळ वर आणला तर तिच्यातली हवा सहापट फुगू पाहते. या माशांमध्ये वाताशयापासून घशाकडे जाणारी नळी नसते, त्यामुळे हवा ढेकरेसारखी बाहेर टाकता येत नाही. ती रक्तावाटे हळूहळूच निघते, आणि त्याला कित्येक तास लागतात. म्हणून पाणबुडे एक तर मासे टप्प्याटप्प्यानं वर आणतात, नाहीतर बारीक सुईनं वाताशयातली हवा काढतात.

यावरून एक गोष्ट आठवते. रिचर्ड पाइल हे हवाईत काम करणारे मत्स्यशास्त्रज्ञ. माशांची हवा काढण्यासाठी ते खोलवरच थोडा वेळ थांबत. ज्या बुडीत असं थांबणं व्हायचं, त्या बुडीनंतर आपल्याला कमी थकवा येतो, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यातून पाणबुड्यांमध्ये खोलवर थांबे घेण्याची पद्धत चर्चेत आली. कॅलिफोर्निया अकॅडमी ऑफ सायन्सेसनं पुढे दाब कायम ठेवून मासे वर आणणारी पेटीच बनवली. तिच्यात सुई लागत नाही.

आपल्या हाती येणारा मासा मात्र बहुतेकदा सुईचाच असतो. सुई नीट लागली तर जखम भरते. चुकली तर आतडं दुखावतं किंवा जंतू आत शिरतात, आणि ते दोन-तीन आठवड्यांनी दिसून येतं. म्हणून दुकानात नुकताच आलेला मासा, कितीही सुंदर असला तरी, मी घेत नाही.

टँकची बांधणी

एका माशासाठी दोनशे लिटर पुरतात, चार-पाच माशांच्या गटासाठी तीनशेच्या पुढे जा. खाली सम्प, म्हणजे गाळणीची यंत्रणा ठेवायची दुसरी टाकी, हवाच. स्किमर, म्हणजे फेस करून पाण्यातली घाण काढणारं यंत्र, टँकच्या आकारापेक्षा दुप्पट पाण्यासाठी बनवलेला घ्या, कारण आपण टँकमध्ये जे अन्न ओतणार आहोत ते नेहमीच्या रीफ टँकच्या कितीतरी पट असेल. सम्पमध्ये केटोमॉर्फा शेवाळाचा एक कप्पा ठेवा आणि त्याचा दिवा रात्री लावा. शेवाळ नायट्रेट आणि फॉस्फेट ओढून घेतं, रात्री पीएच घसरू देत नाही, आणि त्याच्या गुंत्यात कोपेपॉड, म्हणजे माशाला खाता येणारे बारीक कवचधारी जीव, वाढतात.

तापमान २२ ते २४ अंश सेल्सिअस. मी २३ वर ठेवतो. बहुतेक घरांमध्ये त्यासाठी पाणी थंड करणारा चिलर लागतो, पंख्यावर भागत नाही. चिलरचा खर्च टाळायचा असेल तर हा मासाच टाळावा, हे मी स्पष्ट सांगतो. २८ अंशांच्या पाण्यात तो लगेच मरत नाही, पण त्याच्या शरीराचा खर्च वाढतो, भूक वाढते, आणि पाण्यातला प्राणवायू मात्र कमी होतो. समुद्राच्या पाण्यात २४ अंशांना साधारण ६.९ मिलिग्रॅम प्रतिलिटर प्राणवायू मावतो, २८ ला ६.४ च्या आसपास. ज्याला आधीच खाऊ घालणं कठीण, त्याची भूक आपणच वाढवण्यात अर्थ नाही.

सॅलिनिटी, म्हणजे पाण्याचा खारटपणा (विशिष्ट गुरुत्वात), १.०२५, पीएच ८.१ ते ८.४, अमोनिया आणि नायट्राइट शून्य. बाष्पीभवनानं सॅलिनिटी वरखाली होऊ नये म्हणून गोडं पाणी आपोआप भरणारा एटीओ लावा. वर बारीक जाळीचं झाकण बसवा, आणि तारांसाठी ठेवलेली फटसुद्धा बंद करा. घाबरलेला अँथियस रात्री उडी मारतो, आणि त्याला एवढीशी फट पुरते.

खडकांची रचना हा खरा नाजूक भाग आहे. उंच डोंगर रचू नका. पुढे आलेलं छत, त्याखाली मासा पूर्ण दडेल एवढी पोकळी, आणि तिला मागून दुसरी वाट, अशा दोन-तीन जागा करा. पोकळीचं तोंड प्रवाहाकडे असू द्या. वेव्हमेकर, म्हणजे टँकमध्ये प्रवाह तयार करणारा पंप, समोरच्या बाजूला लावून प्रवाह इतपत सौम्य ठेवा, की पाण्यात सोडलेलं कोपेपॉड सावकाश वाहत त्या तोंडावरून जाईल. मासा आणण्याआधी हे तपासून पाहा. पिपेटनं थोडं गोठवलेलं खाद्य सोडा आणि ते कुठे जातं ते बघा. सरळ ओव्हरफ्लोमध्ये, म्हणजे पाणी सम्पकडे जाण्याच्या वाटेत, जात असेल तर पंपाची दिशा बदला. या एका कामावर माझी अख्खी दुपार गेली होती, आणि पुढे तीच सगळ्यात जास्त उपयोगी पडली.

उजेड मंद आणि निळा. टँकचा एक भाग कायम सावलीत राहू द्या. उजेडावर जगणारी प्रवाळं ठेवायचीच असतील तर ती एका टोकाला ठेवून दुसरं टोक अंधारं ठेवता येतं. पण मन मोकळं असेल तर उजेडावर न जगणारी प्रवाळं निवडा, सन कोरल किंवा गॉर्गोनियनसारखी. त्यांनाही दिवसभर खाणं लागतं, म्हणजे माशाच्या तोंडून सुटलेलं अन्न वाया जात नाही.

टँक पाणी धरून स्थिर झाला, म्हणजे जिवाणू रुजून अमोनियाचं चक्र पूर्ण झालं, की लगेच मासा आणायचा मोह होतो. आवरा. त्यानंतर किमान तीन महिने जाऊ द्या. या काळात टिस्बी जातीचे कोपेपॉड रात्री, दिवे आणि पंप बंद ठेवून, दोन-तीनदा सोडा. सकाळी काचेवर पांढरे ठिपके पळताना दिसू लागले, की ते रुजले असं समजा.

रंगीत तालीम

हा टप्पा जवळजवळ कोणी करत नाही, आणि माझ्या मते यावरच पुढचं सगळं ठरतं. टँकमध्ये एक-दोन शांत, काटक मासे, गोगलगायी आणि कोळंबी असताना तीन आठवडे असं खायला घाला जणू व्हेंट्रालिस आलाच आहे. दिवसातून आठ वेळा, दर वेळी चिमूटभर.

घरात दिवसभर कोणी नसेल तर हे हातानं होत नाही. त्यासाठी छोटा फ्रिज आणि ठरल्या वेळी मोजकं द्रव सोडणारा एक डोसिंग पंप लागतो. गोठवलेलं कॅलॅनस, सायक्लॉप्स (हेही कोपेपॉडच) आणि माशांची अंडी टँकच्याच पाण्यात वितळवायची, बारीक जाळीतून गाळून घ्यायची आणि स्वच्छ खाऱ्या पाण्यात मिसळून बाटली फ्रिजमध्ये सुमारे चार अंशांवर ठेवायची. पंप दर दोन तासांनी थोडं मिश्रण टँकमध्ये सोडतो. अन्न खाली बसू नये म्हणून बाटलीत छोटा ढवळणारा पंख किंवा हवेचा मंद बुडबुडा ठेवा. एक धोका लक्षात घ्या: फ्रिजबाहेरच्या नळीत उरलेलं अन्न दोन तासांत कुजायला लागतं. म्हणून नळी आखूड ठेवा आणि अन्नानंतर त्याच नळीतून थोडं साधं खारं पाणी सोडणारा दुसरा पंप जोडा. बाटलीतलं मिश्रण रोज ताजं करा. नळी आठवड्याला बदला किंवा गरम पाण्यानं धुवा.

अन्न सोडताना सम्पमधलं पाणी वर आणणारा रिटर्न पंप पंधरा मिनिटं बंद राहील असं टायमर लावा. वेव्हमेकर मात्र हळू चालू ठेवा. फिल्टर सॉक, म्हणजे पाणी गाळणारी पिशवी, दोन-तीन दिवसांनी बदला, कारण अन्न त्यातच अडकून सडतं.

तीन आठवड्यांत नायट्रेट आणि फॉस्फेट मोजत राहा. नायट्रेट ५ ते २० मिलिग्रॅम प्रतिलिटरच्या आत आणि फॉस्फेट ०.१ च्या आसपास स्थिर राहिलं, तर तुमचा टँक या माशासाठी तयार आहे. आकडे चढतच गेले तर आठवड्याला १५ टक्के पाणी बदला, शेवाळाचा कप्पा वाढवा, स्किमर जास्त ओला (म्हणजे पातळ फेस जास्त निघेल असा) चालवा आणि पुन्हा तीन आठवडे मोजा. हे मासा नसताना कळलेलं बरं. तो आल्यावर आकडे घाबरवू लागले तर आपला हात पहिल्यांदा अन्नावरच आखडतो.

जिवंत खाद्य

पहिल्या काही दिवसांत गोठवलेल्या अन्नाकडे हा मासा बघतही नाही. हलणारं हवं असतं. म्हणून ब्राइन श्रिंप, म्हणजे कोळंबीसारखे बारीक जीव, उबवायला आधीच शिकून घ्या. २६ ते २८ अंशांच्या खाऱ्या पाण्यात, जोरदार हवा सोडून, अंडी साधारण २४ तासांत फुटतात. ताजी पिल्लं अर्ध्या मिलिमीटरपेक्षा लहान असतात आणि त्यांच्या अंगात बलकाचं तेल असतं, म्हणून पहिल्या सहा-आठ तासांतच खायला घालावीत. त्यानंतर बलक संपतो आणि उरतं ते जवळजवळ रिकामं कवच.

मोठी ब्राइन श्रिंप दिसायला आकर्षक, पण पोषणात कमी, विशेषतः माशांना लागणारी ओमेगा तेलं तिच्यात फारशी नसतात. तिला पोषक करायचं असेल तर तेल किंवा शेवाळाच्या द्रावणात १२ ते २४ तास ठेवा. ते द्रावण ती पोटात घेते, आणि तिच्यावाटे ते माशाच्या पोटात जातं. मात्र अगदी ताज्या पिल्लांना हे करून उपयोग नाही, कारण पहिली कात टाकेपर्यंत त्यांना तोंडानं खाताच येत नाही.

माझ्याकडे दोन बाटल्या आळीपाळीनं चालू असतात, एक आजची आणि एक उद्याची. एखादी घाण आली तरी दुसरी हाताशी राहते.

निवड

दुकानात मासा येऊन किमान आठवडा झालेला असावा. विकत घेणाऱ्यानं आगाऊ पैसे देऊन मासा तिथेच राखून ठेवावा, आणि आठवड्यानं बघायला जावं. मग समोर खाऊ घालायला सांगा. फक्त त्याच्याकडे अन्न वाहत जाणं पुरेसं नाही. त्यानं पुढे येऊन टिपलं पाहिजे.

बघायचं ते हे. डोक्यामागची पाठ भरलेली असावी. वरून पाहिलं असता तिथे खळगा दिसला तर मासा सोडून द्या. पोट आत ओढलेलं नसावं. फाटलेला पर भरून येतो, वाळलेली पाठ सहसा भरत नाही. मासा शेपटी वर करून, सतत पोहत, खाली राहायला धडपडत असेल तर त्याच्या वाताशयात अजून हवा आहे. पोट फुगून एका बाजूला कलंडणं हेही त्याचंच लक्षण. अंगावर, विशेषतः बाजूला, लालसर जखम दिसली तर जवळ जाऊच नका. ते युरोनेमा नावाच्या परजीवीमुळे असू शकतं, अँथियसमध्ये वारंवार होतं, त्यावर तांब्याचं औषध चालत नाही, आणि ते एकदा अंगात खोल गेलं की उपचाराची आशा कमीच असते.

घरी आणल्यावरचा पहिला तास

पिशवीत दोन गोष्टी साठत जातात: माशानं सोडलेला अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड. कार्बन डायऑक्साइडमुळे पिशवीतला पीएच खाली जातो आणि त्यामुळे अमोनिया बराचसा निरुपद्रवी रूपात राहतो. पिशवी उघडली की वायू उडतो आणि पीएच चढतो. पीएच एकनं वाढला तर विषारी अमोनियाचं प्रमाण जवळजवळ दहापट होतं. म्हणून लांबच्या प्रवासानंतर पिशवी उघडून तासभर थेंब-थेंब पाणी घालण्याची पद्धत या माशासाठी चुकीची आहे.

त्याऐवजी विक्रेत्याकडून त्याच्या पाण्याची सॅलिनिटी आधी विचारून घ्या आणि क्वारंटाइन टँक, म्हणजे नवा मासा आधी वेगळा ठेवायची टाकी, तेवढ्याच सॅलिनिटीवर ठेवा. खोलीतले दिवे बंद करा. बंद पिशवी वीस-तीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवून तापमान जुळवा. मग पिशवी उघडून रिफ्रॅक्टोमीटर या खारटपणा मोजणाऱ्या यंत्रानं सॅलिनिटी एकदा पडताळा आणि मासा हलक्या हातानं सोडा. पिशवीतलं पाणी फेकून द्या. नंतर सॅलिनिटी रोज ०.००१ ते ०.००२ इतकी वाढवत १.०२५ वर आणा.

क्वारंटाइन: आधी घास, मग औषध

क्वारंटाइन टँक ८० ते १०० लिटरचा असावा. मागची आणि दोन्ही बाजूंची काच काळ्या कागदानं झाका. आत पीव्हीसी पाइपचे तुकडे आणि एखादं कृत्रिम छत. स्पंज फिल्टर आधीच महिनाभर चालत्या टँकमध्ये ठेवून त्यात जिवाणू रुजवलेले असावेत. तापमान इथेही २३. अमोनिया रोज मोजा, कारण आपण भरपूर अन्न घालणार आहोत, आणि गरज पडेल तसं रोज २० ते ३० टक्के पाणी बदला.

पहिले तीन-चार तास काहीही करू नका. मग पिपेटनं ताजी ब्राइन श्रिंप प्रवाहाच्या वरच्या बाजूला सोडा, म्हणजे ती वाहत त्याच्यासमोरून जाईल. त्याच्या तोंडावर फवारा मारलात तर तो पाइपमध्ये शिरेल आणि अर्धा दिवस बाहेर येणार नाही. तुम्हीसुद्धा मागे जा. मी फोन स्टँडवर लावून चित्रण करतो आणि दुसऱ्या खोलीत बसून बघतो. समोर माणूस असताना हा मासा पहिले काही दिवस सहसा खात नाही, आणि आपण उगाच समजतो की तो उपाशी आहे.

घास तोंडात घेऊन थुंकला तरी निराश होऊ नका. तो चव बघतोय. आमच्याकडे हेच सगळ्यात चांगलं पहिलं लक्षण ठरलं. रात्री जिवंत टिस्बी सोडून ठेवा, म्हणजे पहाटे उजाडता उजाडता त्याला टिपायला काहीतरी असतं.

शेजारी एखादा शांत, खाणारा छोटा मासा असला तर फार मदत होते, फायरफिश गोबीसारखा. एकानं खाल्लं की दुसरा बघतो आणि अनुकरण करतो. आक्रमक मासा मात्र अजिबात नको.

जिवंत खाणं तीन दिवस सलग घेतलं, की त्यात गोठवलेलं कॅलॅनस मिसळायला सुरुवात करा. आधी एकपंचमांश, मग दर दोन दिवसांनी थोडं वाढवत, दहा-चौदा दिवसांत अर्ध्याहून जास्त. बारीक चिरलेलं मायसिस (कोळंबीसारखे छोटे जीव) शेवटी. प्रत्येक वेळी किती घास घेतले ते वहीत लिहा. "खातोय" असं लिहू नका, "१४ घास, ३ थुंकले" असं लिहा. घसरण आकड्यात दोन दिवस आधी दिसते, डोळ्यांना नंतर.

चौथ्या दिवसापर्यंत एकही घास घेतला नसेल तर अन्न बदलण्याआधी बाकीचं तपासा: उजेड जास्त आहे का, तापमान २५ च्या वर गेलंय का, प्रवाह त्याला ढकलतोय का. मग टिग्रिओपस कोपेपॉड आणून बघा. ते लाल असतात, झटके देत पोहतात, आणि अडून बसलेल्या माशालाही त्यांच्यामागे जावंसं वाटतं.

औषधाबद्दल माझं मत ठाम आहे. आजाराचं लक्षण नसेल तर पहिले दहा दिवस तांबं घालू नका, कारण तांब्यानं भूक मंदावते, आणि या माशाकडे घालवायला भूक नसते. तो नीट खायला लागला की कृमींसाठी प्राझिक्वांटेल द्या, २ ते २.५ मिलिग्रॅम प्रतिलिटर, आणि पाच-सात दिवसांनी पुन्हा एकदा. पांढऱ्या ठिपक्यांचा आजार दिसला तर टँक बदलत राहण्याची पद्धत याला औषधापेक्षा मानवते. त्या जंतूचा एक टप्पा मासा सोडून तळाशी जाऊन बसतो, म्हणून दर ७२ तासांनी मासा पूर्ण कोरड्या केलेल्या, नव्या पाण्याच्या टँकमध्ये हलवला तर चार वेळांत तो मागे राहून जातो. दोन्ही टँकचं तापमान आणि सॅलिनिटी तंतोतंत जुळवा.

व्हेल्व्हेट हा परजीवीचा आजार मात्र थांबत नाही. श्वास भरभर चालणं, प्रवाहात तोंड करून उभं राहणं, अंगावर सोनेरी धुळीसारखा थर, यातलं काही दिसलं तर भुकेचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी तांब्याचे किंवा क्लोरोक्विनचे उपचार सुरू करा. तांब्याची पातळी चाचणी संचानं रोज मोजा, अंदाजानं थेंब टाकू नका.

गोठवलेलं अन्न नियमित घ्यायला लागल्यापासून पूर्ण ३० दिवस मोजा. त्याआधी मोठ्या टँकमध्ये हलवू नका.

मोठ्या टँकमध्ये

छिद्रांची पारदर्शक पेटी टँकच्या सावलीच्या टोकाला लटकवून मासा तीन-चार दिवस तिच्यात ठेवा. आतले मासे त्याला ओळखतात, त्याला अन्न कुठून येतं ते कळतं, आणि तो खातो की नाही हे तुम्हाला जवळून दिसतं. सोडायचं ते संध्याकाळी, दिवे मावळल्यावर.

सोबती निवडताना एकच कसोटी लावा: तो अन्नावर झडप घालतो का? डॅमसेल, डॉटीबॅक, टँग, मोठे रास आणि उथळ पाण्यातले दणकट अँथियस त्याचा घास पळवतात, मग ते त्याला चावोत वा न चावोत. छोटे गोबी, फायरफिश, असेसर, पॉसम रास यांच्याशी त्याचं जमतं. माझा पसंतीचा पर्याय म्हणजे हा टँक फक्त त्याचाच ठेवणं.

गट हवा असेल तर सगळे एकदम आणा, आकारानं लहान, म्हणजे माद्या. अँथियसमध्ये नर नसला तर गटातली वरचढ मादी हळूहळू नर बनते. रंग आणि वागणं आठवड्यांत बदलू लागतं. दोन मोठे नर आणलेत तर एकाचा जीव जाईल. आणि गटात सगळ्यात लहान माशावर लक्ष ठेवा. धाकामुळे तो कपारीतून बाहेर येत नाही आणि उपाशी राहतो, बाकीचे छान दिसत असताना. त्याच्या कपारीच्या तोंडाशी अन्नाची एक वेगळी नळी सोडा.

वीज गेली, किंवा तुम्ही बाहेर गेलात

बॅटरीवर चालणारा हवेचा पंप, चिलरच्या बिघाडाची सूचना देणारा थर्मामीटर आणि डोसिंग पंपाचा एक सुटा संच घरात असलाच पाहिजे. दोन दिवसांसाठी बाहेर जाणार असाल तर ज्याला टँक सोपवताय त्याला आधी आठवडाभर सोबत उभं करून शिकवा, आणि बाटली रोज बदलण्याचं काम त्याच्याकडून करवून घ्या. आठवड्याहून मोठ्या प्रवासाला मी हा मासा एकटा सोडलेला नाही.

तीन महिने झाले की वरून माशाचा फोटो काढा आणि पहिल्या आठवड्याच्या फोटोशेजारी ठेवा. डोक्यामागची पाठ पहिल्यापेक्षा जाड दिसत असेल तर आठ वेळांऐवजी सहा वेळा खायला घालून बघा, दर वेळी थोडं जास्त. दोन आठवड्यांनी पुन्हा फोटो. बारीक वाटला तर त्याच दिवशी परत आठवर जा. पाचच्या खाली मी कधीच आलेलो नाही.